फेस आणि मद्यार्क : घरी आंबवलेल्या सोड्याविषयी एक संवाद

घरी आंबवलेला सोडा म्हणजे वनस्पतींचा काढा किंवा रस, साखर आणि जिवंत विरजण यांपासून तयार होणारे फसफसते पेय. बाजारातल्या सोड्यात कार्बन डायऑक्साइड यंत्राने दाबून भरलेला असतो; या पेयात तो बाटलीच्या आतच साखरेपासून तयार होतो. विरजणासाठी बहुधा आले वापरतात. सालीसकट किसलेले आले, साखर व पाणी बरणीत कालवून ठेवायचे आणि रोज त्यात चमचाभर आले व चमचाभर साखर घालायची. पाच ते सात दिवसांत हे मिश्रण ढवळताच फसफसू लागते. गवती चहा, तुळस, पुदिना, जास्वंद, आवळा किंवा अनंतमूळ यांच्या गोड, गार काढ्यात हे विरजण घालून बाटली बंद केली की हवेतल्या उष्म्यानुसार एक ते चार दिवसांत सोडा तयार होतो.

कृती सोपी आहे, पण तिच्याविषयी दोन मते आहेत. एक मत हे पेय वर्षानुवर्षे नाक आणि जीभ यांच्या भरवशावर करत आलेल्यांचे. त्याला येथे अनुभवपक्ष म्हटले आहे. दुसरे मत तराजू, तापमापक आणि आम्लता दाखवणारी कागदी पट्टी यांच्यावर भिस्त ठेवणाऱ्यांचे; तो मापनपक्ष. पेय घरात व्हावे असे दोघांनाही वाटते. ते कसे करावे, त्याला काय म्हणावे आणि कोणाला द्यावे, एवढ्यावरच मतभेद आहे.

विरजण

अनुभवपक्ष : आल्याच्या सालीवर यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मुळातच असतात. इडलीचे पीठ रात्रभरात फुगते तेही डाळ-तांदळावरच्या जिवाणूंमुळे. त्यात कोणी विकतचे यीस्ट घालत नाही. आले सोलू नये, माती जाईल इतकेच धुवावे आणि किसावे. फेस आला, वास आल्याचा आणि किंचित आंबट असला, की विरजण लागले असे समजावे.

मापनपक्ष : वास हा खरा साक्षीदार आहे, पण तो सगळे सांगत नाही. सालीवर उपयोगी जीवांच्या जोडीला मातीतले इतर जिवाणूही असतात आणि पहिल्या दोन दिवसांतला फेस त्यांचाही असू शकतो. आम्लता वाढू लागली की ते मागे पडतात. म्हणून फेस दिसताक्षणी विरजण वापरू नये. पाच दिवस पूर्ण होऊ द्यावेत आणि पीएच ४ च्या खाली गेला आहे याची पट्टीने खात्री करावी.

अनुभवपक्ष : इंग्लंडमध्ये १९ व्या शतकात घरोघरी जिंजर बिअर होत असे. तेव्हा स्वयंपाकघरात कोणाकडे पट्ट्या होत्या?

मापनपक्ष : पट्ट्या नव्हत्या, पण तपासणी त्याच शतकात झाली. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने जिंजर बिअरच्या विरजणावर १८९२ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. ते विरजण जेलीसारख्या पांढुरक्या दाण्यांचे असे. त्यात अनेक जीव सापडले, पण दाणे तयार व्हायला दोनच लागतात, असे वॉर्डने दाखवले : एक यीस्ट आणि भोवती चिकट आवरण करणारा एक जिवाणू. दोघांना वेगळे वाढवून पुन्हा एकत्र आणल्यावर दाणे पुन्हा तयार झाले. आजचे आल्याचे विरजण तसे बांधलेले नसते. त्यातली जीवांची संगत प्रत्येक बरणीत वेगळी असते. म्हणूनच एका घरातला ‘तीन दिवसांत होतो’ हा अनुभव शेजारच्या घराला लागू पडतोच असे नाही.

विरजण बिघडवणाऱ्या गोष्टींबाबत दोन्ही पक्षांत एकवाक्यता आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल, तर पाणी उकळून गार करून घ्यावे. काढा ३५ अंशांपर्यंत निवल्यावरच विरजण घालावे. कढत काढ्यात यीस्ट मरते. लवंग आणि दालचिनी जपून वापरावी, कारण त्यांची तेले यीस्टची वाढ रोखतात. कोकमाच्या आगळात भरपूर मीठ असते आणि मिठाने किण्वन मंदावते, म्हणून आंबवण्यासाठी ताजे रातांबे घ्यावेत. दह्याचे निवळही काही जण विरजण म्हणून वापरतात, पण दह्यातले नेहमीचे जिवाणू साखरेचे प्रामुख्याने लॅक्टिक आम्ल करतात, वायू जवळजवळ करत नाहीत. असे पेय आंबट होते. त्याला फेस मात्र बेताचाच येतो.

वायूबरोबर येणारा मद्यार्क

अनुभवपक्ष : हा सोडा आहे, दारू नव्हे. दोन दिवसांत बाटली फ्रिजमध्ये जाते, तेवढ्यात मद्यार्क कुठून येणार?

मापनपक्ष : जिथून वायू येतो तिथूनच. यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि इथेनॉलचे, म्हणजे मद्यार्काचे, दोन रेणू तयार करते. वजनात सांगायचे तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ८८ ग्रॅम वायू आणि ९२ ग्रॅम मद्यार्क मिळतो. लॅक्टिक जिवाणूंपैकी जे वायू करतात, तेही वायूच्या प्रत्येक रेणूमागे साधारण एक रेणू मद्यार्काचा करतात. आंबवून फेस आणायचा असेल, तर त्याच्या जवळजवळ बरोबरीने मद्यार्क येणारच. ही जुळी भावंडे आहेत.

अनुभवपक्ष : येत असेल, पण किती?

मापनपक्ष : त्याचा हिशेब करता येतो. एक लिटर पेयात तीन लिटर वायू विरघळला की चांगला फेसाळ सोडा होतो. तेवढ्या वायूसाठी सुमारे १२ ग्रॅम साखर आंबावी लागते. त्यातून सुमारे ६ ग्रॅम वायू आणि तितकाच मद्यार्क तयार होतो, म्हणजे आकारमानाने सुमारे ०.८ टक्के. विरजणातून आलेला मद्यार्क त्याखेरीज. नेहमीच्या बिअरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो, म्हणजे हे प्रमाण तिच्या सहाव्या हिश्श्याइतके. ते शून्य मात्र नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्यपेय ठरते. फेसाळ घरगुती सोडा या रेषेच्या पलीकडे सहज जातो.

अनुभवपक्ष : हे नियमाच्या भाषेत खरे असेल. व्यवहारात आपल्याकडे आंबवलेली औषधे पिढ्यानपिढ्या घरात आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवांची गणना आहे. धायटीची फुले घालून द्राक्षासव, कुमारीआसव करतात. त्या फुलांवरचे यीस्ट हेच त्यांचे विरजण. त्यांना कोणी दारू म्हणत नाही.

मापनपक्ष : उदाहरण नेमके आहे, पण ते उलट बाजूची साक्ष देते. आसव-अरिष्टांत आपोआप तयार होणारा मद्यार्क असतो हे त्या शास्त्राला ठाऊक होते. म्हणून ती चमच्याने मोजून, पाणी घालून घेतात. सोडा पेला भरून पितात. नीरेचे उदाहरण आणखी जवळचे आहे. ताडा-माडाचा ताजा रस गोड असतो आणि त्यात मद्यार्क नसतो. तो आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुना नसेल, तर काही तासांत त्याच रसाची ताडी-माडी होते. नीरा कधी संपली आणि माडी कधी सुरू झाली, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सोड्याच्या बाटलीत घडते ते हेच, फक्त थोडे सावकाश.

येथे अनुभवपक्ष एक मुद्दा मान्य करतो आणि एक राखून ठेवतो. ‘मद्यार्कविरहित’ हा शब्द या पेयाला वापरता येणार नाही, हे मान्य. मात्र २०० मिलिलिटर सोड्यात ०.८ टक्क्यांच्या हिशेबाने सव्वा ग्रॅमच्या आसपास मद्यार्क असतो आणि तो निरोगी प्रौढाला झिंग आणत नाही, हा आग्रह कायम राहतो. मापनपक्षाचाही त्याला विरोध नाही.

साखर कुठे जाते

अनुभवपक्ष : या पेयाची थोरवी अशी, की साखर जीव खाऊन टाकतात. प्यायला उरतो तो फेस आणि चव.

मापनपक्ष : साखरेचा हिशेब वायूच्याच हिशेबातून निघतो. एका लिटरला ८० ग्रॅम साखर घातली आणि १२ ग्रॅम आंबली, तर ६८ ग्रॅम उरते. २५० मिलिलिटरच्या पेल्यात ती १७ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते आणि २५ ग्रॅमच्या आत राहणे अधिक चांगले. जीवांनी सगळी साखर खाल्ली, तर हाच सोडा साडेपाच टक्के मद्यार्काचा होईल. कमी साखर, कमी मद्यार्क आणि भरपूर गोडी या तिन्ही गोष्टी एका बाटलीत मिळत नाहीत.

अनुभवपक्ष : मग गोडी सोडायची? गवती चहाचा काढा साखरेविना आंबवला, तर पातळ आणि तुरट लागतो.

मापनपक्ष : गोडी सोडायची नाही, तिची जागा बदलायची. बाटलीत लिटरमागे १२ ग्रॅमच साखर घालावी आणि ती पूर्ण आंबू द्यावी. गोडी पेल्यात घालावी. पेल्याच्या तळाशी चमचाभर अमृत कोकम किंवा आवळ्याचे सरबत घालून त्यावर हा कोरडा सोडा अलगद ओतावा. सुटी साखर घालू नये. तिच्या कणांभोवती वायू एकदम सुटतो आणि पेय उतू जाते.

हा तोडगा अनुभवपक्षाला रुचतो, कारण सोड्यात सरबत मिसळण्याची रीत ओळखीचीच आहे. त्यात आणखी एक लाभ आहे : बाटलीत जास्त साखरच नसल्यामुळे ती विसरून राहिली तरी दाब ठरावीक मर्यादेपुढे जात नाही.

दाब

अनुभवपक्ष : गोड सोड्यासाठीही उपाय आहे. रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडला की बाटली फुटत नाही.

मापनपक्ष : बाटली वाचते, पेय बिघडते. सोडलेला वायू उडून जातो आणि त्याच्याबरोबर जन्मलेला मद्यार्क आत राहतो. फेस पुन्हा भरून यायला आणखी साखर आंबते आणि मद्यार्क आणखी वाढतो. रोज वायू सोडलेला सोडा न सोडलेल्यापेक्षा कमी फेसाळ आणि अधिक मद्यार्कयुक्त होतो. शिवाय ज्या दिवशी विसर पडेल, त्या दिवसाचे काय?

दाबाचे आकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे वजन कळते. लिटरमागे तीन लिटर वायू असलेल्या बंद बाटलीत ४ अंश सेल्सियसला बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरण जास्त दाब असतो. २० अंशांना तो सुमारे सव्वादोन ते अडीच आणि ३५ अंशांना चारच्या आसपास होतो. फ्रिजमध्ये शांत असलेली बाटली मे महिन्यात ओट्यावर ठेवली, की वायू तेवढाच राहून दाब चौपटीवर जातो. फ्रान्समधील शॅम्पेन वाइनमध्ये दुसऱ्या किण्वनासाठी लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घालतात आणि दाब सहा वातावरणांच्या आसपास पोचतो. त्यासाठी बाटल्या मुद्दाम जाड काचेच्या असतात. ८० ग्रॅम साखर बंद बाटलीत पूर्ण आंबली, तर दाब वीस वातावरणांच्या वर जाईल. तो साधी काच सोसू शकत नाही आणि काच फुटते ती स्फोटासारखी.

अनुभवपक्ष : गोटी सोड्याच्या बाटल्या दाबासाठीच केल्या होत्या. त्या वापरता येतील का?

मापनपक्ष : हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या त्या बाटलीत आतला वायूच गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. म्हणजे बाटली बंद होण्यासाठी भरतानाच दाब हवा. घरच्या पेयात दाब नंतर, हळूहळू येतो. तोवर गोटी जागेवर बसत नाही.

अनुभवपक्ष : तर मग हाताने कळणारी खूण सांगतो. सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्यावी. भरताना ती दाबली की चेपते. दगडासारखी घट्ट लागली की सोडा झाला.

मापनपक्ष हा उपाय जसाच्या तसा स्वीकारतो. वायूच्या पेयांसाठी केलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोठा दाब सोसतात आणि निकामी झाल्या तरी काचेसारख्या तुकड्यांनी इजा करत नाहीत. काचेच्याच बाटल्या हव्या असतील, तर त्या जाड, गोल आणि दाबासाठी केलेल्या असाव्यात. चौकोनी बाटल्या आणि लोणच्या-मुरंब्याच्या बरण्या वापरू नयेत. त्याच घाण्यातले पेय प्लास्टिकच्या एका बाटलीत भरून शेजारी ठेवावे. ती घट्ट झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. प्रत्येक बाटलीत वरची तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी आणि उघडण्यापूर्वी बाटली पूर्ण गार करावी.

आम्लता आणि स्वच्छता

अनुभवपक्ष : आंबट पेयात रोगजंतू टिकत नाहीत. लोणची, ताक, कांजी यांचा तोच आधार आहे.

मापनपक्ष : हा आधार बऱ्याच अंशी पक्का आहे. अत्यंत घातक विष तयार करणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू पीएच ४.६ च्या खाली वाढत नाही. तरी सगळेच जंतू आम्लाला बधत नाहीत. अमेरिकेत १९९६ मध्ये न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूची साथ आली होती आणि तो रसही आंबटच होता. म्हणून पाने, मुळे आणि फुले धुऊन त्यांचा काढा उकळून घ्यावा, बाटल्या गरम पाण्याने धुवाव्यात आणि काढ्यात लिंबू किंवा आवळा घालून सुरुवातीपासूनच पीएच ४ च्या आसपास ठेवावा.

पृष्ठभागावर दिसणाऱ्या थराबाबत मतभेद राहतो. विरजणावर पांढरा, सपाट, सुरकुतलेला पापुद्रा आला तर तो बहुधा यीस्टचा असतो. अनुभवपक्ष तो काढून विरजण पुढे चालवतो. मापनपक्ष चव बिघडते म्हणून नवे विरजण लावतो. केसाळ किंवा हिरवी-काळी बुरशी आली, तर मात्र सगळे फेकून द्यावे, यावर दोघांचे एकमत आहे.

विषारी मिथेनॉलची भीतीही अनेकदा बोलून दाखवली जाते. फळांतल्या पेक्टिनपासून किण्वनात मिथेनॉल अत्यल्प प्रमाणात तयार होते. अशा सोड्यात ते धोक्याच्या पातळीला पोचत नाही. विषारी दारूच्या दुर्घटनांमागे प्रामुख्याने मिथेनॉलची भेसळ असते.

औषधी गुण

अनुभवपक्ष : आले पाचक आहे, अनंतमूळ थंड आहे, तुळस खोकल्यावर देतात. त्यात जिवंत जीवांची भर पडली की पेय औषधच होते.

मापनपक्ष : आल्याचा मळमळीवरचा उपयोग अभ्यासांतूनही दिसला आहे. पण जिवंत जीव आहेत एवढ्यावरून पेयाला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २००१ च्या व्याख्येनुसार प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. घरच्या बाटलीत कोणते जीव किती आहेत हे ठाऊक नसते. शिवाय ‘वनस्पती म्हणून निर्धोक’ हा समजही तपासावा लागतो. अमेरिकेतल्या रूट बिअरला पूर्वी सॅसाफ्रास या झाडाच्या मुळाची चव असे. त्यातले सॅफ्रोल प्राण्यांत कर्करोगकारक आढळल्यामुळे १९६० मध्ये तिथे त्याच्या वापरावर बंदी आली. जी वनस्पती रोजच्या खाण्यात आहे तीच सोड्यासाठी घ्यावी.

अनुभवपक्षाचे यावर एवढेच म्हणणे, की चव, वास आणि स्वतःच्या हाताने केल्याचे समाधान हेही पेयाचे गुण आहेत. मापनपक्षाला ते मोजता येत नाहीत, पण अमान्यही नाहीत.

एका लिटरची कृती

दोन्ही पक्षांना मान्य असलेली कृती अशी. गवती चहाच्या आठ-दहा पात्या आणि आल्याचा बोटभर तुकडा ९५० मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटे उकळावा. काढा गाळून त्यात १२ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन लहान चमचे, विरघळवावी आणि एका लिंबाचा रस घालावा. काढा निवल्यावर ५० ते १०० मिलिलिटर गाळलेले विरजण मिसळावे. या विरजणाला आदला एक दिवस साखर घालू नये, म्हणजे त्यातून जास्तीची साखर बाटलीत येत नाही. बाटल्या भरून सावलीत ठेवाव्यात. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापासून, थंडीत तिसऱ्या दिवसापासून हाताने घट्टपणा पाहावा. बाटली घट्ट झाली की ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवड्याभरात संपवावी. थंडीने यीस्ट मंदावते, थांबत नाही.

बाटलीतच गोडी हवी असणाऱ्यांनी ५० ते ८० ग्रॅम साखर घालावी, पण अशा वेळी प्लास्टिकचीच बाटली घ्यावी आणि ती घट्ट होताच, एकही दिवस न दवडता, थंड करावी. मद्यार्काचा अंदाज हवा असेल, तर हायड्रोमीटरने सुरुवातीची आणि शेवटची घनता पाहावी. दुसऱ्या वेळी पेय आधी ढवळून त्यातला वायू घालवावा, कारण बुडबुडे मापकाला वर उचलतात. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणले की मद्यार्काची टक्केवारी मिळते. घनता ०.००६ ने उतरली असेल, तर मद्यार्क सुमारे ०.८ टक्के.

कोणाला द्यावे

अनुभवपक्ष : पाहुण्यांना विकतच्या पेयाऐवजी हे द्यायला काय हरकत आहे?

मापनपक्ष : हरकत नाही, आधी सांगितले पाहिजे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण आणि मद्यार्क वर्ज्य असलेली औषधे घेणारे यांना हे पेय देऊ नये. दारू सोडलेल्या माणसाला आणि धर्माने किंवा व्रताने मद्य टाळणाऱ्यालाही ते नकळत पाजणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी तोच काढा न आंबवता, साध्या सोड्यात मिसळून द्यावा.

अनुभवपक्ष हे मान्य करतो आणि त्यासाठी स्वतःचीच एक जुनी सवय पुढे करतो : बाटलीला चिठ्ठी लावण्याची. चिठ्ठीवर भरल्याची तारीख आणि वनस्पतींची नावे आधीपासून असतातच. मापनपक्षाच्या सांगण्यावरून तिच्यावर आणखी दोन ओळी येतात : लिटरमागे घातलेली साखर ग्रॅममध्ये, आणि ‘यात थोडा मद्यार्क आहे’.